फंक्शनचा उतारा

पायथनमध्ये एक सोय आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. चालू प्रोग्रामच्या आतूनच एखाद्या फंक्शनला विचारता येतं, तुला कसं लिहिलंय ते दाखव बघू. ‘इन्स्पेक्ट’ नावाचं मॉड्यूल घ्यायचं, त्यातल्या ‘गेटसोर्स’च्या कंसात फंक्शनचं नाव टाकायचं आणि एंटर मारायचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंतचा सगळा कोड, कॉमेंटसकट, साधा मजकूर म्हणून हातात येतो. तो छापा, कुणाला पाठवा, त्यातली अक्षरं मोजा. ज्युपिटर नोटबुक वापरणारे तर फंक्शनच्या नावापुढं दोन प्रश्नचिन्हं देऊन रोज हेच करतात.

हे बघितल्यावर कुणालाही वाटेल, की फंक्शन स्वतःचा मजकूर पोटात घेऊनच फिरत असणार. तसं काही नसतं. पायथन फाइल वाचतो, तिचं बाइटकोडमध्ये रूपांतर करतो आणि मजकूर सोडून देतो. मजकुराच्या बाबतीत फंक्शनपाशी उरतात त्या दोन खुणा: आपण कोणत्या फाइलमधले आणि त्या फाइलच्या कितव्या ओळीवर सुरू होतो. गेटसोर्स त्या खुणा घेऊन डिस्कवरच्या फाइलीकडं जातं, तेवढ्या ओळी मोजतं आणि तिथून वाचायला लागतं. कुठं थांबायचं, तर ओळींचं इंडेंटेशन जिथं परत डावीकडं येईल तिथं. म्हणजे तुम्ही प्रश्न विचारला फंक्शनला, आणि उत्तर दिलं फाइलीनं.

आपल्याकडं याला नेमका शब्द आहे. उतारा.

सातबारा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही मिळून तो कागद. तुम्ही तलाठ्याकडं जाता, गट नंबर सांगता, तो दप्तरातून त्या नंबराचं पान काढतो. जमीन काही तलाठ्याच्या कार्यालयात येत नाही. कागदावर एक एकर असतं, बांध कोरून कोरून शेतात अडतीस गुंठे उरलेले असतात, आणि दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी सुखानं नांदतात. हस्तलिखित सातबारे कॉम्प्युटरवर चढवले तेव्हा जुना कागद आणि नवी नोंद जुळेना, म्हणून २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन घेतलं गेलं. नोंदी मोठ्यानं वाचायच्या आणि ज्याची जमीन त्यानं हरकत सांगायची. मला ती कल्पना अजून आवडते. मजकूर बरोबर आहे की नाही हे ज्याला त्या मजकुराचं भोगायचं आहे त्याला विचारायचं.

गेटसोर्सच्या बाबतीत मी हा प्रयोग मुद्दाम करून पाहिला होता. दोन आकड्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहिलं, प्रोग्राम चालू केला, आणि तो चालू असतानाच दुसऱ्या खिडकीत फाइल उघडून अधिकच्या जागी उणे करून सेव्ह केली. आता फंक्शनला विचारलं, तुला कसं लिहिलंय? त्यानं वजाबाकीचा कोड दाखवला. मग त्यालाच पाच आणि तीन दिले. उत्तर आलं आठ.

प्रोग्राम थांबवून परत चालू केला की दोन्ही जुळतात, म्हणून रोजच्या कामात ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या डोक्यात ती रुतली ती दुधामुळं.

मामांचं दूध संकलन केंद्र आहे, कोरेगाव तालुक्यातच, वाठार स्टेशनच्या बाजूला एका गावात. सकाळ-संध्याकाळ मिळून दीडशेच्या आसपास माणसं दूध घालायला येतात. कुणाची एकच गाय, कुणाच्या सहा. सकाळी सहाला रांग लागते. कॅन काट्यावर, थोडं दूध फॅटच्या मशीनला, थोडं नळकांड्यात घेऊन त्यात लॅक्टोमीटर सोडायचा. लॅक्टोमीटर जो आकडा दाखवतो तो तापमानाप्रमाणं दुरुस्त केला की त्याला पुस्तकात सीएलआर म्हणतात, गावात डिग्री. फॅट आणि डिग्रीवरून एसएनएफ काढायचा, म्हणजे दुधातला स्निग्धांश सोडून बाकीचा घन भाग. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही पट्टी. त्याच्या खाली जितके पॉइंट, तितकी कपात.

एसएनएफ मशीननं थेट दाखवला नाही तर तो सूत्रानं काढतात. डिग्री भागिले चार, अधिक फॅटचा साधारण पाचवा हिस्सा, अधिक एक ठरलेला आकडा. हे सूत्र मूळ इंग्लंडमधल्या रिचमंड या रसायनतज्ज्ञाचं. गंमत त्या शेवटच्या आकड्यात आहे. मूळ सूत्रात तो ०.१४ आहे. आपल्याकडं ०.३६ बराच चालतो. काही ठिकाणी ०.७२ सुद्धा सापडतो, तिथं फॅटचा गुणकही थोडा वेगळा असतो. यात लबाडी काही नाही. लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला जुळवलेला आहे त्यावर तो आकडा ठरतो. पण तुमच्या हातात लॅक्टोमीटर एक आणि कॉम्प्युटरमध्ये आकडा दुसऱ्याच लॅक्टोमीटरचा, असं झालं तर? २८ डिग्री आणि ३.८ फॅटचं दूध घ्या. ०.३६ धरला तर एसएनएफ येतो ८.१२. ०.१४ धरला तर ७.९०. दूध तेच, गाय तीच, पट्टीत दोन पॉइंटांचा फरक.

मामांकडं आधी एक विकतचं सॉफ्टवेअर होतं. त्यात कोणता आकडा आहे हे कळायला मार्ग नव्हता. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना फोन केला तर म्हणाले, ‘सिस्टीममध्ये बरोबर सेट केलेलं आहे, तुम्ही काळजी करू नका.’ मामा फोन ठेवून म्हणाले, ‘काळजी मी करत न्हाई, लोकं करत्यात.’

इथून सातारा रोड स्टेशन जवळ आहे. तिथं पाडळीला धनजीशा कूपर यांचा कारखाना होता. आधी लोखंडी नांगर, मग १९३० च्या दशकात डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते, ही माहिती आमच्याकडं अभिमानानं सांगितली जाते आणि लगेच विसरली जाते.) विहिरीवरचं तसलं इंजिन बिघडलं की गावातला मिस्त्री ते खोलून पोत्यावर मांडायचा. काय कशाला ढकलतं ते डोळ्याला दिसायचं. दुधाचा दर ठरवणारी वस्तू मात्र खोलता येत नव्हती. खोलली असती तरी आत बाइट सापडले असते.

म्हणून मी मामांना छोटा प्रोग्राम लिहून दिला, पायथनमध्ये, आणि त्यात हट्टानं एक गोष्ट केली. पायथन ३ पासून व्हेरिएबलची आणि फंक्शनची नावं देवनागरीत देता येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ‘डेफ’ आणि ‘रिटर्न’ असले पायथनचे स्वतःचे शब्द इंग्रजीतच राहतात, कोडमधले आकडेही इंग्रजीच लागतात. पण नावं तुमची. त्यामुळं फंक्शनचं नाव ठेवलं ‘दर_काढ’, त्याला मिळणाऱ्या गोष्टी ‘फॅट’ आणि ‘डिग्री’, आणि आतली पहिली ओळ जवळजवळ अशी:

एसएनएफ = डिग्री / ४ + ०.२ * फॅट + ०.३६

मग गेटसोर्सनं त्या फंक्शनचा मजकूर काढायचा आणि पावतीच्या तळाला छापायचा. दोन इंची थर्मल प्रिंटरला मराठी अक्षरं येत नव्हती, त्यामुळं मजकुराचं चित्र बनवून छापावं लागलं. कागद जास्त जातो म्हणून मामा कुरकुरले. तोडगा निघाला. रोज फक्त फॅट, डिग्री, एसएनएफ आणि दर छापायचा, आणि दहा दिवसांच्या बिलावर पूर्ण फंक्शन.

लोकांनी पहिल्यांदा ते बिल बघितलं तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकानं विचारलं, ‘हे खाली काय कविता छापलीया?’ पण दुसऱ्या बिलापर्यंत दोन-तीन जण कट्ट्यावर बसून डिग्रीला चारानं भागत होते.

इथं मला तो बेरीज-वजाबाकीचा प्रयोग आठवला. मी छापत होते तो उतारा होता. प्रोग्राम सकाळी साडेपाचला चालू होतो आणि रात्री बंद होतो. दिवसा कुणी फाइलीत ०.३६ चा ०.१४ करून ठेवला, तर दर दिवसभर जुन्याच आकड्यानं निघेल आणि बिलावर नवा छापला जाईल. उलटंही होऊ शकतं, आणि ते जास्त वाईट: सकाळी ०.१४ वर प्रोग्राम चालू करायचा, मग फाइल परत ०.३६ ची करायची. बिलावरचा कागद स्वच्छ, पैसे मात्र कापलेले. मामा असलं काही करतील असं मला वाटत नाही. पण ज्या कागदाचा खरेपणा मामांच्या चांगुलपणावर टेकलाय तो कागद नसला तरी काय बिघडणार होतं? चांगुलपणा आधीही होताच.

मग मी बाकीच्या भाषांत हा प्रश्न कसा सोडवलाय ते बघत बसले. काम सोडून दोन संध्याकाळी त्यात गेल्या, पण मजा आली.

लिस्पमध्ये हा प्रश्नच वेगळा आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या पेपरात जी भाषा मांडली तिच्यात प्रोग्रामही यादी आणि त्याची माहितीही यादी. लिहिलेला प्रोग्राम हीच चालणारी वस्तू, त्यामुळं तो मागितला की तोच मिळायचा, त्याची नक्कल नाही. जमीनच उताऱ्यावर पेरल्यासारखं. पुढं वेगासाठी लिस्पही कंपाइल व्हायला लागली आणि हे सुख गेलं. कॉमन लिस्पमध्ये फंक्शनला त्याचा मूळ मजकूर विचारण्याची सोय आहे, पण ‘माझ्याकडं नाही’ असं उत्तर द्यायची परवानगीही आहे.

जावास्क्रिप्ट पायथनच्या उलट वागते. तिथं फंक्शनवर ‘टू-स्ट्रिंग’ चालवलं की मजकूर मिळतो, आणि तो फाइलीकडं जाऊन नाही, इंजिननं जपून ठेवलेल्या मूळ मजकुरातून. पण हे सुरुवातीपासून असं नव्हतं. जुन्या फायरफॉक्समध्ये मजकूर ठेवलेलाच नसायचा. विचारलं की ते बाइटकोडवरून उलटं कोडं सोडवून कोड नव्यानं रचून द्यायचं. अर्थ तोच, पण कॉमेंट गायब आणि ओळींची मांडणी वेगळी. दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच फंक्शन वेगळं दिसायचं. शेवटी २०१९ च्या प्रमाणात ठरलं, की लिहिलंय तसंच्या तसं द्यायचं, कॉमेंट आणि मोकळ्या जागांसकट. ब्राउझरची स्वतःची फंक्शनं मात्र ‘नेटिव्ह कोड’ एवढंच सांगून दार लावून घेतात.

आर भाषेत दोन्ही पद्धती एकत्र नांदतात. समोर बसून काम करत असाल तर ती मूळ मजकूर जपते. स्क्रिप्ट म्हणून चालवली तर एरवी जपत नाही, आणि मागितल्यावर आतल्या रचनेवरून मजकूर नव्यानं तयार करते. तिथंही कॉमेंट गळतात. आणि सी भाषेत विचारायची सोयच नाही. कंपाइल झालं की मजकूर घरी राहिला.

यातून मला हवं ते मिळालं. पायथनची सवय उलटी करायची. फाइल मी स्वतः एकदाच वाचायची. वाचलेला मजकूर एका व्हेरिएबलमध्ये ठेवायचा, पायथनला कंपाइल करायला तोच मजकूर द्यायचा, आणि बिलावरही तोच छापायचा. आधी मजकूर, मग त्यातून फंक्शन. मध्ये फाइलीचं काही का होईना, चालणारं आणि छापलेलं एकाच उगमाचं. जेमतेम दहा ओळींचं काम आहे.

एवढं करून मी समाधानानं बसले होते. मग एका आज्जींनी बिल डोळ्यांजवळ धरून विचारलं, ‘अगं बाई, हितं चार्ट म्हणलंय. चार्ट म्हंजी किती?’

फंक्शनच्या दुसऱ्या ओळीत होतं, ‘दर = चार्ट[फॅट, एसएनएफ]’. चार्ट हे नाव आहे, आणि नावामागचे आकडे फंक्शनच्या मजकुरात नसतात. ते दुसरीकडं राहतात. फंक्शनचा मजकूर अक्षरन् अक्षर खरा असेल आणि तरी त्यातून काहीच कळणार नाही, असं होऊ शकतं. कायद्यात ‘शासन वेळोवेळी ठरवील त्या दराने’ असं लिहितात तसं. ओळ खरी आहे, प्रश्न ‘वेळोवेळी’चा आहे. पायथनला याची जाणीव आहे. इन्स्पेक्ट मॉड्यूलमध्येच आणखी एक सोय आहे, एखादं फंक्शन बाहेरची कोणकोणती नावं वापरतं आणि त्या क्षणी त्यांच्या किमती काय आहेत ते सांगणारी. गेटसोर्स सगळ्यांना माहीत असतं, हिच्याकडं क्वचितच कुणी फिरकतं.

पण किमती छापायच्या म्हणजे अख्खा चार्ट छापायचा. तो चार्ट मामांना डेअरीकडून व्हॉट्सॲपवर येतो, फोटो म्हणून. डावीकडं फॅट ३.० ते ४.५, वर एसएनएफ ७.५ ते ९.०. दोनशे छप्पन चौकटी. चार्ट बदलला की मामांचा मुलगा रात्री बसून त्या चौकटी कॉम्प्युटरमध्ये भरतो. मी म्हटलं, ‘मामा, हे आकडे कुणीतरी सूत्रानंच काढले असणार. तुम्ही वरच्यांना सूत्रच मागा की.’ मामांनी मेसेज टाकला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तोच चार्ट, या वेळी जरा जास्त स्पष्ट फोटो.

मग मी जुन्या फायरफॉक्सचं काम केलं. मजकूर मिळत नाही तर परिणामावरून तो रचायचा. शेजारच्या चौकटी एकमेकींतून वजा करत गेले. एसएनएफ ८.५ पासून ८.० पर्यंत दर पॉइंटाला तीस पैसे कपात. ८.० च्या खाली गेलं की एकदम पॉइंटाला रुपया. फॅट ३.५ च्या खाली पन्नास पैसे कपात, वर गेलं तर तीस पैसे वाढ. दोनशे छप्पन चौकटींच्या मागं चार आकडे आणि एक पायरी. ती पायरी कुणाला ठाऊक नव्हती, मामांनाही नाही. फोटोत ती दिसत नाही, दिसतात नुसते आकडे.

आता ते मघाचं दूध परत घ्या. २८ डिग्री, ३.८ फॅट. एसएनएफ ८.१ धरला तर कपात एक रुपया वीस पैसे. ७.९ धरला तर पहिल्या पाच पॉइंटांचे दीड रुपया, आणि पायरी ओलांडल्याचा एक रुपया, म्हणजे अडीच. लिटरमागं एक रुपया तीस पैशांचा फरक, एका ०.३६ आणि ०.१४ मुळं. रोज दहा लिटर घालणाऱ्याचे महिन्याला जवळजवळ चारशे.

हे चार आकडे आणि ती पायरी मी नावं देऊन फंक्शनच्या आतच लिहिली. आता मजकूर पुरेसा झाला. बाहेरचं काही लागत नाही. फॅट आणि डिग्री घाला, दर मिळतो.

शेवटी त्याला एक खूण जोडली. पूर्ण मजकुराचा हॅश काढायचा, म्हणजे त्या मजकुराचा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा. एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. तो लांबलचक असतो, म्हणून त्यावरून चार आकडी संख्या बनवली आणि रोजच्या पावतीवर छापली. तेव्हा ती ४७१९ होती. मामांनी केंद्रावरच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवली. दोन वेगळ्या मजकुरांची खूण योगायोगानं एकच निघण्याची शक्यता दहा हजारात एक. दूध केंद्राला तेवढं चालतं. पूर्ण ठसा वहीत आहे.

गावातला एक डिप्लोमाचा पोरगा मात्र हुशार निघाला. म्हणाला, ‘ताई, ही खूण छापणारा प्रोग्राम बी तुमचाच ना? त्यानं दुसरंच फंक्शन चालवलं आणि हे नुसतं छापलं तर?’ मला त्याला मिठी माराविशी वाटली. केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात हीच गोष्ट फार पुढपर्यंत नेली होती. सोर्स कोड स्वच्छ असला तरी तो कंपाइल करणारा प्रोग्राम आत काहीतरी घुसवू शकतो, आणि कंपायलरच्या सोर्समध्येही त्याचा मागमूस नसेल, हे त्यांनी दाखवून दिलं. मजकूर वाचून पूर्ण खात्री कधीच होत नाही.

मी त्याला म्हटलं, ‘माझ्यावर विश्वास ठेवूच नकोस. फोन काढ.’ त्यानं स्वतःच्या घरची पावती घेतली, बिलावरच्या ओळी वाचत कॅल्क्युलेटरवर हिशोब मांडला. दर जुळला. मग शेजाऱ्याची पावती घेतली. तोही जुळला. फंक्शनला बाहेरचं काही लागत नाही म्हणूनच हे करता आलं. मी खोटं छापत असते तर तिसऱ्या-चौथ्या पावतीला सापडले असते. त्यानं अकरा पावत्या तपासल्या. त्याला नाद लागला होता.

एक गोष्ट मात्र राहतेच. काट्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, तो दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो, आणि लोक तो बघतात. फॅटच्या मशीनच्या पोटात काय सूत्र आहे ते मला माहीत नाही. तिला विचारलं तर ती जावास्क्रिप्टच्या भाषेत ‘नेटिव्ह कोड’ म्हणेल. मी करू शकते ते एवढंच, की मशीननं दिलेल्या आकड्याच्या पुढचं सगळं उघडं ठेवायचं.

पावसाळ्यात एका सकाळी त्याच आज्जी पावती घेऊन परत आल्या. त्यांना कोड वाचता येत नाही, आकडे येतात. ‘काल सत्तेचाळीस एकोणीस हुतं. आज येगळंच हाय.’ डेअरीचा नवा चार्ट रात्री दहाला आला होता. नेहमीसारखी शेजारच्या चौकटींची वजाबाकी करून मामांच्या मुलानं पायरी ८.० वरून ८.२ वर आणली आणि पहाटे प्रोग्राम चालू केला. फळा पुसायचा राहिला होता. दर कमी झाल्याची बातमी रांगेत पसरली ती आज्जींच्या तोंडून, मामा सांगायच्या आधी. त्या दिवशी केंद्रावर बराच आवाज झाला. मामा चिडले, पण आज्जींवर नाही. दुसऱ्या दिवशी आसपासच्या चार केंद्रांचे लोक मिळून डेअरीकडं गेले, हातात बिलं घेऊन. पायरी कुठं आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवता येत होतं. ती अजून ८.२ वरच आहे, पण पुढचा चार्ट चार दिवस आधी आला.

त्या चार्टमध्ये एक चौकट आहे, फॅट ३.४ आणि एसएनएफ ८.३ ची. तिथला दर सूत्रापेक्षा वीस पैशांनी कमी येतो. आजूबाजूच्या सगळ्या चौकटी नियमात बसतात, ही एकच बसत नाही. मामा म्हणाले, कुणाचं तरी बोट घसरलं असंल. डेअरीला कळवलं, उत्तर नाही. पैसे वरून त्या चार्टप्रमाणंच येतात, म्हणून फंक्शनमध्ये तेवढ्या एका चौकटीसाठी वेगळी ओळ टाकावी लागली. तिच्यापुढं मी कॉमेंट लिहिली: ‘असं का, ते वरच्यांना विचारा.’

मजकूर जसाच्या तसा छापायचा म्हटल्यावर कॉमेंटही छापली जाते. दर दहा दिवसांनी दीडशे बिलांवर ती ओळ असते. मामांनी अजून ती काढायला सांगितलेली नाही.